घोडं कुठं पेंड खातंय?

वसाहत वसवण्याच्या संगणकीय खेळांत माणसं सहसा खेळाडूच्या थेट हुकमात नसतात. इथं खणा, ते झाड पाडा, पाच पलंग हवेत, अशी कामं नोंदवून ठेवायची. कोण उठेल, कधी उठेल, आणि मधेच तहान लागली म्हणून कुदळ टाकून चालता होईल का, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हुकूम सोडायची हौस असलेल्यांना याचा वैताग येतो. ज्यांना या खेळांचं वेड लागतं त्यांना मात्र वेगळीच चटक असते: काहीतरी बिघडलं की उलट्या पावली जात, घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते शोधायचं.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'. पहिली जाहीर आवृत्ती २००६ची. चित्रांसह स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, यायला डिसेंबर २०२२ उजाडलं. तोवर मूळ खेळात बुटके (म्हणजे वसाहतीतली माणसं), त्यांचे शत्रू गॉब्लिन, लाव्हा, सगळं अक्षरं आणि चिन्हांनीच दाखवलेलं असायचं. सुरुवात सात बुटके आणि एका गाड्यानं होते.

त्या सातांचं पहिलं दुखणं दारू. ती मिळाली नाही की बुटके मंदावतात आणि कुरकुरू लागतात. एक बुटका एका ऋतूत साधारण चार वेळा पितो, म्हणजे सातांना २८ घोट. प्लम्प हेल्मेट नावाच्या जांभळ्या भूछत्राच्या एका नगापासून पाच घोट दारू होते, तेव्हा सहा नगांत ऋतू निघतो. ही भूछत्रं जमिनीखाली बाराही महिने पेरता येतात. कच्ची खाल्ली किंवा त्यांची दारू गाळली तर बी परत मिळतं. शिजवली तर बी गेलं. नवख्यांची शेती दुसऱ्या वर्षी बंद पडते ती बहुधा यामुळेच. म्हणून स्वयंपाकघराच्या यादीत भूछत्रं, बिया आणि दारू, तिन्ही शिजवायला पहिल्याच दिवशी मनाई करायची. (हो, बुटके दारूसुद्धा शिजवतात.)

भूछत्रांचा ढीग पडलाय, भट्टी उभी आहे, आणि तरी दारू होत नाही? रिकामी पिंपं नाहीत. धान्याचं कोठार ती गुपचूप गिळतं. कोठाराच्या सेटिंगमध्ये पिंपांची मर्यादा घालायची आणि दगडाचे मोठे रांजण करून घ्यायचे. एका दगडात एक रांजण होतो, लाकूड लागत नाही.

आता ही क्षुल्लक चूक कुठवर जाते ते बघा. दारू संपली की बुटके पाण्यासाठी वेशीबाहेरच्या ओढ्यावर जातात. नेमकी तेव्हाच गॉब्लिनांची धाड येते. वेशीवरचा पूल उचलायची खटकी ओढणं हेही एक कामच, ते करायला कुणीतरी मोकळा बुटका चालत जायला हवा. पूल वर जातो तोवर चार जण बाहेर राहिलेले असतात. त्यांची प्रेतं तिथंच पडतात, पुरली जात नाहीत, आणि काही दिवसांनी भुतं आत फिरू लागतात. भुताचं कारण न केलेले रांजण! हे जेव्हा उमगतं तेव्हा हा खेळ सुटत नाही.

उपायही तितकेच नेमके आहेत. पुलाला लागतात तीन यंत्रभाग: एक खटकी उभारायला, दोन ती पुलाला जोडायला. खटकी वेशीजवळ नको, जेवणघरात हवी. तिथं रिकामटेकडे कायम असतात. बांधतानाच पूल कोणत्या बाजूला उचलला जाईल ती दिशा निवडावी लागते. न उचलता आत सरकणारा पूल निवडला तर तो नुसता नाहीसा होतो, खाली खंदक नसेल तर शत्रूला रस्ता मोकळाच. उचललेला पूल मात्र भिंतीचं काम करतो. आणि प्रेत हाती लागत नसेल तर मृताच्या नावाची शिळा कोरून उभी करायची, भूत शांत होतं.

अद्भुताला असे काटेकोर नियम असणं, हेच मला या खेळाचं खरं बळ वाटतं. 'रिमवर्ल्ड' या अशाच दुसऱ्या खेळात संकट कधी धाडायचं ते कॅसँड्रा किंवा रँडी असा 'कथाकार' ठरवतो. तेही रंगतं, पण संकटामागे कुणाचा तरी हात आहे हे जाणवत राहतं.

'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'मधलं 'झपाटणं' घ्या. वस्ती २० बुटक्यांची झाली की अधूनमधून एखाद्याच्या अंगात येतं. तो एक कार्यशाळा बळकावतो आणि सामान गोळा करू लागतो. आत नुसताच बसून राहिला तर त्याला हवी ती वस्तू वस्तीत नाही, किंवा आहे पण कुलपाआड किंवा वापराला मनाई केलेली. त्या कार्यशाळेवर क्लिक केलं की कधीकधी तो कशाची चित्रं काढतोय ते कळतं: जंगल म्हणजे लाकूड, खाण म्हणजे दगड, सांगाडे म्हणजे हाडं. कापडात मेख असते. गोदामात सुती ताग्यांची थप्पी असली तरी त्याला रेशीमच हवं असू शकतं. म्हणून रेशीम, लोकर, शिंपले, कातडं, कच्ची रत्नं असं थोडंथोडं साठवून ठेवावं. वस्तू मिळाली नाही तर तो वेडा होतो, कधी खचून मरतो, कधी इतरांवर धावून जातो. मिळाली तर अजोड कलाकृती, आणि बहुतेक वेळा त्या कामातला उस्तादही.

रक्त शोषलेलं प्रेत सापडलं तर वस्तीत व्हॅम्पायर शिरलाय. जो कधी खाताना, पिताना, झोपताना दिसत नाही तोच तो. मुरलेले खेळाडू त्याला मारत नाहीत. छोट्या खोलीत खुर्ची ठेवून कचेरी करायची, त्याला हिशेबनीस नेमायचं आणि तो आत गेला की दाराच्या जागी भिंत बांधायची. त्याला जेवण लागत नाही, झोप लागत नाही, आणि साठ्याचा हिशेब वर्षानुवर्षं चोख राहतो. फक्त भिंत घालणारा गवंडी बाहेरच्या बाजूला उभा आहे ना, ते पाहून घ्यायचं.