थोरलीचं चक्र एकदाचं पूर्ण फिरलं (आणि त्याआधी केलेला गाढवपणा)

मंडळी, माझ्या टिकल्यांच्या जुन्या खेळण्यातल्या बंदुकीचं चक्र फिरलं! काल रात्री साडेअकराला आठ घरं गुणिले तीन फेऱ्या, चोवीस वेळा चाप ओढला आणि चोवीसही वेळा घोडा (टिकलीवर आपटतो तो) बरोब्बर घरावर. बायको आतून ओरडली की खालचे काका वर येतील आता. टिकल्या नव्हत्याच, नुसती खटखट होती, पण ती खटखट ऐकायला दीड महिना घालवलाय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: थोरली म्हणजे मामाच्या माळ्यावर सापडलेली डायकास्टची (साच्यात ओतलेल्या जस्ताची) बंदूक, आठ टिकल्यांच्या लाल रिंगवाली. धाकटी (रोलवाली) गणपतीआधीच झाली, तिचं काही नाही. थोरलीचा आजार असा की घोडा दोन टिकल्यांच्या मधे पडायचा. आणि माझ्या हातात पडायचा, पोराच्या हातात नाही! तो धडाधड चाप ओढायचा आणि सगळं व्यवस्थित, वर मलाच शिकवणार, "बाबा तुम्ही फार हळू ओढता".

पोरगं बरोबर बोलत होतं, मला कळायला वेळ लागला. जोरात ओढलं की चक्र स्वतःच्या वेगाने उरलेलं अंतर कापतं आणि पट्टीच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसतं. हळू ओढलं की पॉल (सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं तसलंच कुत्रं) जेवढं ढकलेल तेवढंच फिरणार. खऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र अडवून धरायला वेगळा खटका असतो, कोल्टच्या १८३६ च्या पेटंटपासून, आपल्या खेळण्यात ती चैन कुठली. म्हणून टेस्ट करायची तर चक्रावर बोट हलकं टेकवून अगदी सावकाश चाप ओढायचा, रोग लगेच दिसतो. बायकोच्या नेलपेंटने एका घरावर ठिपका दिला. एकाच घराला अडकलं असतं तर रॅचेटचा (चक्रामागच्या दातेरी चकतीचा) तो दात गेलाय म्हटलं असतं, पण हे आठही घरांना सारखंच कमी पडत होतं. रॅचेटची त्रिज्या ६ मिमी, म्हणजे ४५ अंशांसाठी साधारण ४.७ मिमी सरकायला हवं, माझं व्हर्नियरवर ४.२ भरलं. अर्धा मिमी, म्हणजे पाच अंश!

आता गाढवपणा. पॉल झिजलाय असं गृहीत धरून मी तो ऐरणीवर (म्हणजे वरवंट्यावर, आईला सांगू नका) ठोकून लांब केला. पत्र्याचाच आहे, छान वाढला. जोडलं, आणि चाप जाम! पॉल इतका लांब झाला की परत खाली येताना पुढच्या दाताखाली बसेचना. त्या रात्री सगळं डब्यात भरलं आणि आठवडाभर तिकडे बघितलं नाही.

मग परवा सहज चाप हातात घेऊन हलवला तर तो पिनेवर डुगडुगतोय. पॉल बिचारा धडधाकट होता, चापाचं भोक लांबट झालं होतं, ओढला की आधी चापच अर्धा मिमी मागे सरकायचा आणि मग पॉल उचलायचा. जस्ताचं भोक, लोखंडी पिन, दुसरं काय होणार. शिवाय टिकलीच्या दारूतल्या क्लोरेटची राख म्हणजे मीठच, ठाण्याच्या पावसाळ्यात ते पाणी धरतं आणि पिन गंजून कानशीसारखी होते. म्हणून परत सांगतो, वाजवून झालं की आधी कोमट पाणी आणि साबण, सुकवून मग तेल. नुसता स्प्रे मारून मीठ विरघळत नाही, कितीही महागडा असो.

डाग द्यायचा प्रश्नच नव्हता, हे डायकास्ट ४०० अंशांच्या आतच वितळतं. मग बुश, म्हणजे भोकात बसवायची छोटी नळी. नागदेवी स्ट्रीटला जाऊन पितळी नळी आणणार होतो, पण रविवारी मेगाब्लॉक. तेव्हा जुन्या ट्रान्झिस्टरची अँटेना दिसली! आतून पितळच, आणि तुकडे एकात एक बसणारे. दोन तुकडे एकात एक, भोक ३ मिमीने हाताने गोल केलं (ऑनलाइन मागवलेला ड्रिल बिट बटरसुद्धा कापेना, चरईतल्या हार्डवेअरवाल्याकडचा वीस रुपयांचा झकास चालला), अराल्डाईट, एक रात्र. पिनेला सायकलचा २ मिमीचा स्पोक. मग ठोकून वाढवलेला पॉल परत कानशीने कमी केला, दोन घासे मारा, जोडा, बघा, परत उघडा. अकरा वेळा उघडली.

टिकल्यांवर अजून टेस्ट नाही. जांभळी नाक्यावर मिळाल्या त्या सादळलेल्या, आठातली एक फुटली, ती पण फुस्स. दिवाळीचा ताजा माल येईपर्यंत थांबतो. तोवर रंग काढून नवा मारायचा बेत होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की रंग राहू दे, एका बाजूचा कव्हर अॅक्रिलिकचा करावा म्हणजे पॉल चालताना दिसेल. २ मिमीचं अॅक्रिलिक वागळे इस्टेटला छोट्या तुकड्यात कोण देतं का? अख्खी शीट नकोय.