मॉरिशसचं घर, पारोळ्याचं शेत

३० एप्रिल २०२५, बुधवार. धुळे.

आज आखाजी, आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया. सकाळी घागर पूजली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आईवडिलांच्या नावाने आगारी टाकली, म्हणजे विस्तवावर घास वाहिला. दहा वाजता ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येईना. अक्का काल संध्याकाळच्या एसटीने शिरपूरहून आली. अडुसष्ट वर्षांची झाली, पण आखाजीला माहेर चुकवत नाही. माहेर म्हणजे आता मी आणि ही, दुसरं कोण आहे?

दुपारी आमरस-पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले आणि मी मॉरिशसची फाईल काढून बसलो.

हे खूळ गेल्या वर्षीच्या गणपतीतलं. सहलीला गेलो होतो. सप्टेंबरात तिथे स्वेटर लागला, यावरच ही निम्मी गार. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आमच्या गाडीवाल्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, इंग्रजांच्या काळात ऊस तोडायला नेलेले. तो घरी तिथली क्रिओल भाषा बोलणारा, पण शाळेत मराठी शिकलेला, आणि आरती आमच्यापेक्षा शुद्ध म्हणणारा. कोकणातला जाखडी नाच त्यांनी झाकरी म्हणून जपला आहे. परतताना विमानातच ही म्हणाली, "म्हातारपणी इथे राहायला काय हरकत आहे? निदान मे महिन्यात तरी जीव वाचेल." टोरंटोहून मुलाने लगेच दुजोरा दिला. त्याला सुट्टीची सोय दिसली असावी.

मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. परदेशी पैसे पाठवायचे दुसऱ्यांचे ए-टू फॉर्म तपासले, आता स्वतःचा भरायची वेळ आली. मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला वाटेल ते घर घेता येत नाही, ठरावीक योजनांमधलंच घ्यावं लागतं. त्यात किमान ३ लाख ७५ हजार डॉलरचं घेतलं तर राहण्याचा परवाना मिळतो, आणि घर नावावर असेपर्यंत तो टिकतो. आपल्याकडून मात्र एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे एकट्याचं काम नाही, नवराबायको दोघांच्या नावाने पैसे जायला हवेत. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ३ कोटी १८ लाख ७५ हजार. त्यावर माणशी १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापणार, दोघांचे मिळून ५९ लाख ७५ हजार. ते आयकरात वळते होतात, जास्तीचे परतही मिळतात, पण विवरणपत्र भरून परतावा हातात पडेपर्यंत अडकलेच. शिवाय दर वर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. तो चुकवला तर दंड दहा लाखांचा. पोरं म्हणतात, बाबा एवढा विचार कशाला. बँकेतल्या माणसाला विचार करायचाच पगार मिळतो.

पन्नाशीपुढच्या निवृत्तांना दरमहा ठरावीक रक्कम तिथे आणली तर भाड्याच्या घरातही राहता येतं. मला ते जास्त पटतं. हिला नाही. "भाड्याच्या घरात तुळस कशी लावायची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पैसा आहे. पारोळ्याजवळची पाच एकर कोरडवाहू. दोन पिढ्या तिने ज्वारी-कापसापलीकडे काही दिलं नाही, आणि सुरत-नागपूर महामार्ग रुंद झाल्यावर एकरी ८० लाखांना गेली. चार कोटी. घर आणि टीसीएस वजा जाता साडेएकवीस लाख उरतात. हा हिशोब मी महिनाभरात दहा वेळा केला असेल. दरवेळी जुळतो.

आज फाईलमधला शेवटचा कागद वाचला. तिथल्या खरेदीखताचं काम नोटरीच करतो, आपल्याकडचा शिक्के मारणारा नव्हे, चांगला कायदेपंडित. त्याने इंग्रजीत लिहून पाठवलं होतं की घर मॉरिशसमध्ये आहे म्हणून वारसाहक्कही तिथलाच लागेल. इंग्रजांनी १८१० साली बेट घेतलं, पण फ्रेंचांचे कायदे तसेच ठेवले, त्यामुळे मुळाशी अजून नेपोलियनची संहिता आहे. दोन मुलं असतील तर मालमत्तेचे दोन तृतीयांश त्यांच्यासाठी राखीव, दोघांना सारखे. मृत्युपत्रात काहीही लिहा, मुलीचा तो भाग काढता येत नाही.

मी खूश झालो. पुण्याच्या पोरीची काळजी नाही, असं मनात आलं, आणि मग चष्मा काढून ठेवावा लागला.

१९९६ साली वडील गेले. सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि अक्काचं नाव लागलं. त्याच वर्षी मी तिला निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली. तिने विचारलंही नाही. सगळ्यांच्या बहिणी करायच्या, तिनेही केली. मी पेन दिला, ती म्हणाली, "आठे करू का?" आणि केली. येताना तिला साडी घेतली, नऊशे रुपयांची, बाजारातली त्या वेळची चांगली. फेरफार झाला, तिचं नाव कंसात गेलं, म्हणजे सातबाऱ्यावरून उडालं. आई २००३ साली गेली. आज निम्मे धरले तर दोन कोटी तिचे. मग मॉरिशसचं घर बसत नाही. भाड्याचं बसतं.

चार वाजता अक्का उठून आली. हिने तिला सगळं आधीच सांगितलेलं. फाईलवरच्या समुद्राच्या चित्राकडे बघत तिने विचारलं, "तठे आखाजी ऱ्हास का रे भाऊ?"

मी नाही म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग परसातल्या निंबावर शेजारच्या पोरींनी बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसली, गुडघे दुखतात तरी. हिने तिच्यासाठी साडी आणून ठेवली आहे, सोबत द्यायला सांजोऱ्या आणि एक पेटी आंबे.

सकाळी साडेसातच्या शिरपूर गाडीत तिला बसवायचं आहे. बोलायचं तर त्याआधीच.