आमची वाटचाल : बयाण्याआधी इंजिन ऐकून देणारं गॅरेज

कराडमध्ये आमच्या गॅरेजची सुरुवात डिझेलच्या पंप-नोझलच्या (इंजिनात डिझेल दाबाने फवारणाऱ्या भागांच्या) कामाने झाली. आज मुख्य काम वेगळं आहे. कोणी जुनी पिकअप घ्यायला निघालं की बयाणा देण्याआधी गाडी आमच्याकडे येते. इंजिनातला कोणता आवाज कुठला, तो किरकोळ की धोक्याचा, दुरुस्तीला काय काय उघडावं लागेल, हे आम्ही कागदावर लिहून देतो. फी फक्त विकत घेणाऱ्याकडून घेतो. विकणाऱ्याकडून किंवा एजंटाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही हे आमचं ठरलेलं आहे, कारण त्याशिवाय त्या कागदाला अर्थ राहत नाही.

हे काम कराडलाच वाढलं याला इथला रस्ता कारण आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या पिकअप भरलेल्या असतात. आंबा, मासळी, जांभ्याचे चिरे. चढावर चालक वेळेत खालचा गिअर टाकत नसेल तर इंजिन कमी फेऱ्यांवर ओढत राहतं. कमी फेऱ्यांवर ऑइलचा दाबही कमी, आणि वर लोड पूर्ण. सगळा मार पिस्टन आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बसतो. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या, मीटरवर सारखेच किलोमीटर दाखवणाऱ्या दोन गाड्यांची इंजिनं अगदी वेगळी निघू शकतात. मीटर हे सांगत नाही, आवाज सांगतो.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. इंजिन रात्रभर थंड झालं पाहिजे. विकणारा सकाळी गाडी चालवत घेऊन आला तर अर्धे आवाज वाटेतच गेलेले असतात. पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात खाली-वर होतो ती नळी) यांच्यातली फट वाढली असेल तर थंड इंजिनात पोकळ ठकठक येते. पिस्टन तापून फुगला की ती विरते. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) सैल असेल तर पहिल्या दोन-चार सेकंदांत पुढच्या कव्हरमागे खडखड होते आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचा दाब मिळाला की थांबते. म्हणून तुम्ही स्वतः बघायला गेलात तरी बॉनेट उघडून आधी हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे. तेव्हा परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता जा.

स्टार्ट झाल्यावर दोन गोष्टी पाहायच्या, लय आणि जागा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला (अ‍ॅक्सिलेटर न दाबता) मिनिटाला क्रँकच्या 800 फेऱ्या असतील तर एका व्हॉल्व्हचा टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) मिनिटाला 400 वेळा वाजणार. सरावलेल्या कानाला पूर्ण आणि निम्म्या लयीतला हा फरक लगेच कळतो. पण एका सिलिंडरच्या नोझलचा ठोकाही त्याच निम्म्या लयीत येतो, म्हणून नुसत्या लयीवर निदान करायचं नाही. स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक एकेका जागी लावा: हेडचं कव्हर, प्रत्येक नोझल, ब्लॉकची बाजू, चेंबर (तळाची ऑइलची टाकी), अल्टरनेटर. बाह्या वर, गळ्यातला गमछा काढून ठेवलेला, आणि पंख्यापासून लांब. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

हेडच्या कव्हरवर बारीक, सारखी टकटक असेल तर बहुतेक वेळा टॅपेटची फट वाढलेली असते. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कंपनीने दिलेल्या मापाला लावली की प्रश्न मिटतो. मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या जोडाचं) गॅस्केट फुटलं असेल तरी अगदी असाच आवाज येतो. गॅस्केटची टकटक थंडीत जास्त आणि तापल्यावर कमी होते, शिवाय जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो. तो पट्टा शोधल्याशिवाय आम्ही टॅपेटला हात लावत नाही.

नोझलच्या बाबतीत आमची पद्धत मुळापासून बदलावी लागली. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत निदान सोपं होतं. इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलचा युनियन नट पान्याने पाव आटा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं आणि कडक, धातूचा ठोका गेला, तर दोष त्याच सिलिंडरचा. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि पिकअपमध्येही कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी पद्धत) सर्वत्र आलं. कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी भेदून आत शिरते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागतं. तिथे स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करून बघतो. त्यापुढे रिटर्नची चाचणी: प्रत्येक इंजेक्टरच्या (कॉमन रेलच्या नोझलच्या) रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, सारखी पारदर्शक बाटली जोडून इंजिन काही मिनिटं चालवायचं. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल तो इंजेक्टर आतून झिजलेला. स्कॅनर आणि या बाटल्या आल्या तेव्हा पंप-नोझलचं गॅरेज खऱ्या अर्थाने तपासणीचं गॅरेज झालं.

आता बेअरिंग. सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे देतो, कारण सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात जास्त लपवालपवी इथेच असते. बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं, क्रँकच्या बाजूचं) गेलं की आवाज ऐरणीवर घण पडल्यासारखा, खोल आणि जड येतो. तो आयडलला लपतो. इंजिन तापवून 2000 च्या आसपास फेऱ्या धरा आणि अ‍ॅक्सिलेटर एकदम सोडा. फेऱ्या उतरताना ठकठक उघडी पडते. त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं तर ती कमी होते. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज याहून बोजड, ब्लॉकच्या तळातून येतो, लोडवर वाढतो आणि एखादा सिलिंडर तोडून त्यात फारसा फरक पडत नाही.

हा आवाज दाबायला जाड ऑइल किंवा एखादं अ‍ॅडिटिव्ह ओततात. डिझेल इंजिनाचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, तेव्हा डिपस्टिकवर सोनेरी, स्वच्छ ऑइल दिसलं तर ते कालपरवा बदललेलं आहे. का बदललं, हे विचारायचं. आम्ही ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावतो आणि गाडी वीस मिनिटं चालवून आणतो. गरम इंजिनात आयडलला काटा 10 पीएसआयच्या खाली आला तर तो व्यवहार आम्ही थांबवायला सांगतो. 2000 फेऱ्यांना निदान 20 ते 30 पीएसआय हवेत. मग विकणाऱ्याच्या परवानगीने ऑइल फिल्टर काढून नवा बसवायचा आणि जुना कापायचा. आतला कागद पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून उन्हात धरायचा. तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांब्याचा थर लागला. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारी रुपेरी भुकटी बहुधा पिस्टनची. फिल्टर अगदी ताजा असेल तर हा पुरावा मिळत नाही, आणि तेही आम्ही कागदावर लिहितो.

बेअरिंग वाजतंय असं ठरलं तरी गाडी लगेच बाद करायची नसते. प्रश्न क्रँकचा असतो. क्रँक घासून 0.25, 0.50, 0.75 मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग बसवता येतात; काही इंजिनांना यातली सगळी मापं मिळतही नाहीत. आधीच्या मालकाने इंजिन उघडून नव्याने बांधलं असेल तर क्रँक कोणत्या साइझवर आहे याचं मशीन शॉपचं बिल मागा. शेवटच्या साइझवर असलेली क्रँक पुन्हा घासता येत नाही, नवीच घालावी लागते, आणि सौद्याची रक्कम तिथेच बदलते.

पुढच्या बाजूचे आवाज ऐकायला भीतिदायक, पण बहुतेक स्वस्तातले असतात. घरघर किंवा चिरचिर येत असेल तर इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढा आणि जेमतेम तीस सेकंद चालवून बघा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा बेल्टच्या टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये. त्याहून जास्त वेळ चालवू नका, पाणी फिरत नसतं. बेल्ट नसताना गाडी हलवायचीही नाही, कारण अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि बेल्टशिवाय ब्रेक दगडासारखा होतो. बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी मारल्यावर चिरचिर थांबून पुन्हा सुरू झाली तर पुली रेषेत नाही. पाण्याने ती वाढली तर बेल्ट सैल.

न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर गेली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, क्लच दाबल्यावर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. बंद करताना इंजिन धाडकन हललं तर फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते) रबर बघा. टर्बोची हलकी शिट्टी चालते. भोंग्यासारखा चढता आवाज आणि सोबत इनटेकच्या होजमध्ये ऑइल असेल तर चालत नाही. आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचे फवारे येत असतील, तर आवाज कितीही गोड असला तरी बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. मग कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अलीकडे लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. त्यावर आम्ही निर्णय देत नाही. फोनचा माइक खालचे, जड आवाज नीट पकडत नाही आणि सतत येणारा आवाज स्वतःच दाबतो. टॅपेट मोठा ऐकू येतो आणि बिग एंड गायब होतो, म्हणजे नेमका उलटा निकाल.

सध्या आमच्याकडे सीएनजीच्या जुन्या पिकअप वाढत आहेत आणि तिथे कानाला उलटं शिकवावं लागतंय. सीएनजी कोरडं इंधन आहे. व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत जाते, आणि टकटक वाढण्याऐवजी बंद होते. फट पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून मेकॅनिकल टॅपेटच्या सीएनजी गाडीत हेड अगदी शांत लागलं, तर आम्ही थंड इंजिनावर कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्हची फट फिलर गेजने मोजतो आणि सगळी मापं, सिलिंडरच्या क्रमाने, गिऱ्हाइकाच्या कागदावर लिहून देतो.