माझा हात पुढे, रेघ मागे

सकाळी पावणेसातला फोन वाजला. सरांची पहिली बॅच साडेसहाला सुरू होते, म्हणजे ते वर्ग सोडून बाहेर येऊन बोलत होते.

"भाऊ, तुमच्या त्या डब्याला काय व्हायलंय बघा बरं. माझा हात पुढं चाललाय आन् रेघ मागून यायलीय. पोरं हसायलीत."

२०२२ चा जून. लातुरात जून म्हणजे क्लासवाल्यांची सुगी आणि आमच्यासारख्या कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचीही. उद्योग भवन परिसरात त्या दिवसांत पायी चालायला जागा नसते. सरांचं काम आम्ही आदल्या रात्रीच उरकलं होतं. भिंतीवर ६५ इंची फोर-के टीव्ही, सरांच्या पुढ्यात जुना २२ इंची मॉनिटर, टेबलावर पेन टॅब्लेट, म्हणजे पेनाने लिहिलेलं पडद्यावर उमटवणारी पाटी. सर फिजिक्स शिकवतात. खडू त्यांनी लॉकडाउनमध्ये जो सोडला तो सोडलाच. पडद्याच्या डाव्या अंगाला नीटच्या जुन्या पेपरची पीडीएफ आणि उजवीकडे कोरी पाटी, अशी त्यांची मांडणी.

त्यांची अट एकच होती, डबा, म्हणजे कॉम्प्युटर, पोडियमच्या कप्प्यात मावला पाहिजे. सुताराने तो कप्पा डस्टर आणि हजेरीपट ठेवायला केलेला. मी वीत लावून बघितलं, एक वीत आणि वर दोन बोटं. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड ठराविक मापांत येतो. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४.४ सेंटिमीटर चौरस असतो, त्यावर डब्याच्या भिंती धरल्या की तो गेला बाद. मिनी-आयटीएक्स १७ सेंटिमीटर चौरस, म्हणजे बरोबर पाऊण वीत. तेव्हा बोर्ड कोणता घ्यायचा हे निम्मं सुतारानेच ठरवलं होतं म्हणा.

उरलेलं निम्मं मी ठरवलं आणि तिथेच माती खाल्ली. बोर्ड निवडताना मी मागच्या पट्टीवरची, पडद्याची वायर लावायची तोंडं बघितली. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. खोक्यावर एचडीएमआय २.० असं लिहिलेलं. फोर-के टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं द्यायची तर २.० लागतं, एवढं मला माहीत होतं. एच५१० चिपसेटचा बोर्ड, त्यात दुकानात पडून असलेला इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-थ्री १०१०० प्रोसेसर. बसतोही, चालतोही. टीव्ही एचडीएमआयला लावला. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नव्हता, म्हणून तिथे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय काढणारा दीडदोनशेचा साधा कन्व्हर्टर घातला. रात्री दहाला विंडोज सुरू झालं, चित्र झकास आलं, आम्ही चहा घेऊन घरी. पेन उचलून एक रेघ ओढून बघायची बुद्धी झाली नाही.

वर्गावर पोचलो तेव्हा सर मुकाट्याने बाजूला झाले आणि पेन माझ्या हातात दिलं. मी वर्तुळ काढलं. पेनाचं टोक फिरून जागेवर आलं तरी पडद्यावरचं वर्तुळ अजून पाव भाग उघडंच. मग फटकन मिटलं. पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, नेटवर्क नाही त्याला." मी हसल्यासारखं केलं.

विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत गेलो. टीव्हीसमोर ३० हर्ट्झ. खाली २९, २५, २४. साठ नाहीच. सेकंदाला तीसच चित्रं म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. सिनेमा बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण ज्याचा हात लिहितोय त्याच्या डोळ्याला ते लगेच टोचतं. मी तात्पुरतं रिझोल्यूशन फोर-केवरून कमी ठिपक्यांच्या १०८० वर आणलं, साठ मिळाले, रेघ हाताबरोबर धावायला लागली. खरं सांगू का, शेवटच्या बाकावरून या दोन्हींत काही फरक दिसत नाही. पण शेजारच्या पीडीएफमधले बारीक घातांक सरांना पुसट दिसायला लागले. पैसे त्यांनी फोर-केचे मोजले होते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आधी केबलवर संशय घेतला. दुसरी आणली, तेच. मग टीव्हीच्या मेनूत शिरलो. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय तोंडासाठी पूर्ण वेगाची सेटिंग वेगळी असते आणि ती कंपनीतूनच बंद येते. इथेही बंद होती. सापडला चोर म्हणून ती चालू केली, टीव्ही एकदा काळा होऊन परत आला, आणि पुन्हा तेच तीस.

दुपारी दुकानात बोर्डाचं मॅन्युअल उघडलं. पोरट्याने मोबाइलचा टॉर्च धरला, कारण लाइट गेलेली आणि अक्षर मुंगीएवढं. पोर्टच्या तक्त्याखाली चांदणी काढून एक ओळ होती: एचडीएमआय २.० फक्त अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर. दहाव्या पिढीबरोबर १.४, फोर-के ३० हर्ट्झ.

"भैय्या, पण खोक्यावर तर…" पोरगा म्हणाला.

खोक्याने खोटं सांगितलं नव्हतं. या बोर्डावर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून येतं, बोर्ड फक्त ते तोंडापर्यंत नेऊन सोडतो. दहाव्या पिढीच्या त्या ग्राफिक्सला स्वतःहून एचडीएमआय १.४ च्या पुढे जाता येत नाही. काही महागड्या बोर्डांवर त्यासाठी वेगळी चिप लावलेली असायची, आमच्यावर नव्हती. आणि गंमत अशी की अशा बोर्डावर बसणाऱ्या अकराव्या पिढीत आय-थ्री निघालाच नाही, सुरुवातच आय-फाइव्हपासून. २०२१ मध्ये त्याच सुमारास आलेला आय-थ्री १०१०५ नवा दिसतो, पण तोही दहाव्याच पिढीचा. म्हणजे आय-थ्री टाकणाऱ्याला या बोर्डावरचं २.० कधी भेटणारच नाही. आय-फाइव्ह घ्यावा तर त्यातही नावापुढे एफ असलेले असतात, त्यांना ग्राफिक्सच नसतं. तसला एक प्रोसेसर एक गिऱ्हाईक पुण्याहून स्वस्तात घेऊन आलं होतं. कुठल्याही तोंडाला वायर लावा, पडदा काळा तो काळाच. तेव्हा मी त्याला शहाणपण शिकवलं होतं.

संध्याकाळी सरांना समजावताना आकडे मांडले. फोर-केचे ठिपके ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. दर ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट. १.४ ची कमाल १०.२ आणि त्यातलं चित्राच्या वाट्याला येतं ८.१६. तीसच्या वेगाला सहा लागतात, ते मावतात. सर फिजिक्सचे, त्यांनी मनातच गुणाकार केला. पण खरं त्यांना पटलं ते मी म्हणालो तेव्हा, "तोटी एक इंची बसवली सर, पण आतला पाइप अर्धा इंचीच निघाला." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी बघितलेल्या गावात पाण्याची भाषा फोडून सांगावी लागत नाही.

"मग दुसरा पाइप?" त्यांनी विचारलं.

होता. शेजारचाच डिस्प्लेपोर्ट. याच जुन्या ग्राफिक्सचा डिस्प्लेपोर्ट फोर-के साठने देतो. तो जास्त तयारीचा पोर्ट मी २२ इंची मॉनिटरवर वाया घालवला होता. दोघांची अदलाबदल केली, टीव्हीला तोच साधा कन्व्हर्टर लावला, आणि पुन्हा तीस! इथे मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मग लक्षात आलं. साधा कन्व्हर्टर काही बदलत नाही, तो फक्त पोर्टला सांगतो की तू आता एचडीएमआय बोल. पोर्ट बोलतो, पण त्याला येतं तेवढंच जुनं एचडीएमआय. ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच्या पोटात चिप असते. ती डिस्प्लेपोर्टचं ऐकून घेते आणि पुढे स्वतः एचडीएमआय २.० मध्ये सांगते.

गावात चार दुकानं फिरलो. सगळीकडे साधेच, वर "फोर-के" छापलेले. किती हर्ट्झ, ते छापलेलं नाही. पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला, त्याने रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पुडकं दिलं आणि पहाटे साडेपाचला ते मी उतरवून घेतलं. बिलात ते धरलं नाही, चूक माझी होती.

सव्वासहाला वर्गात जोडलं. यादीत ६० हर्ट्झ. सरांनी पेन घेतलं, उतारावर ठोकळा काढला, त्याच्यावरचे बाण काढले, मग नुसत्याच पाचसहा वेलांट्या ओढल्या. काही बोलले नाहीत. टीव्हीचा गेम मोडही मी जाता जाता चालू केला. त्यात टीव्ही चित्र सजवत बसत नाही, त्यामुळे उशीर आणखी घटतो. फक्त टीव्ही सुरू केला की कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत "गेम मोड" येतं, आणि पहिल्या बाकावरच्या त्याच पोराने ते सगळ्यांच्या आधी वाचलं.