उशिरा आलेलं ‘हो’

रविवार, रात्री.

आज शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, पाठांतर घेत होते. बायबलातलं योहानाचं पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 13. तुम्हांला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हांला कळावं म्हणून लिहिलंय, असं योहान म्हणतो ते. मुलं नेहमीसारखी हेल काढून, अर्धे शब्द गिळून म्हणत होती. चौथ्यांदा म्हणताना पुढच्या बाकावरची ती एकदम थांबली आणि म्हणाली, “टीचर, मग तुम्हाला कळलंय?”

मी म्हणाले, हो. पण म्हणायच्या आधी थांबले.

किती थांबले? एक श्वास असेल. खडूची पूड बोटांवर होती, ती मी साडीला पुसली. मग ‘हो’. तिला ते चाललं. लगेच तिनं पेन्सिलीला टोक करायला परवानगी मागितली आणि विषय संपला. तिचा संपला. मी मात्र दुपारपासून त्या एका श्वासापाशी बसून आहे. नाव विचारलं असतं तर असा वेळ लागला असता का? लग्न झालंय का विचारलं असतं तर? तारण झालंय का, म्हणजे देवानं पापातून सोडवून ते जीवन दिलंय का, या प्रश्नालाच घसा कोरडा का पडावा?

आई असती तर, जाऊ दे.

संध्याकाळी जुनं पवित्र शास्त्र काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर माझ्याच अक्षरात तीन तारखा आहेत. एक निळ्या शाईत, बाळबोध, शिबिरात येशूच्या मागे जायचा निर्णय घेतला तेव्हाची. दुसरी काळ्या बॉलपेनची, कॉलेजातली, कारण पहिली खरी होती की सगळ्यांनी हात वर केला म्हणून मीही केला, ते ठरेना. तिसरी पेन्सिलीनं. पेन्सिलीनं! म्हणजे तेव्हाच मनात होतं की खोडावी लागेल. तिच्याखाली काही लिहिलं होतं तेही खोडलेलं दिसतंय. उजेडासमोर धरून पाहिलं, वाचता आलं नाही.

ज्यांची साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला कसं पालटलं ती हकिगत, ऐकताना चर्चमधली मंडळी डोळे पुसते, त्यांचा मला हेवा वाटतो. दारू सुटली, जीव द्यायला निघाले होते आणि परतले, अमुक रात्री अमुक वाजता सगळं पालटलं. माझ्याकडे काय आहे? पाळण्यात असल्यापासून उपासनेला जाते. धड पापीसुद्धा होता आलं नाही. बारीकसारीक मत्सर, एक न केलेला फोन (तो कुणाला, ते इथेही लिहिणार नाही), आणि पाठ असलेली वचनं. याची साक्ष कशी देणार?

त्यात पंडिता रमाबाई आठवल्या आणि जास्तच धास्ती बसली. बाप्तिस्मा 1883 चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, हे त्यांना उमगलं ते 1891 च्या सुमारास. मधली आठ वर्षं! आणि बाई कोण, तर पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणणारी. तिला आठ वर्षं कळलं नाही, तर मला कशावरून कळलंय? मत्तय 7 मधले ते लोकही ‘प्रभू, प्रभू’ म्हणतच दाराशी येतात, आणि त्यांना ऐकावं लागतं की माझी तुमची कधीच ओळख नव्हती. हा उतारा मी मुलांना शिकवायचं दरवर्षी टाळते.

आज मात्र टाळला नाही, बसून वाचला. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच डोळ्यांत भरली. ते लोक दाराशी उभे राहून सांगतात काय? तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, पराक्रम केले. यादी वाचतात. तूच आम्हाला वाचवलंस, असं त्यांतला एकही म्हणत नाही. मी शास्त्र मिटलं, पुन्हा उघडलं, कोऱ्या पानाकडे पाहिलं. तीन तारखा. माझीही यादीच की. त्यांची निदान भुतं काढल्याची तरी होती.

हसू आलं. एकटीच बसून हसले. दुपारपासून पहिल्यांदा.

माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते, एवढी खात्री हवीच कशाला, आशा धर आणि चाल. तिच्याकडे 1547 सालीच ट्रेंटच्या परिषदेनं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या सभेनं, बजावून ठेवलंय की अशा खात्रीची मिजास नको. आमच्या प्रॉटेस्टंटांकडे उलट, खात्री नाही म्हटलं की पाळक काळजीनं पाहतात. तिचं मला पूर्ण पटत नाही. कळावं म्हणून लिहिलंय, असं योहान म्हणतो. वाटत राहावं म्हणून नाही. पण त्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, तोच म्हणतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवील तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. म्हणजे मन दोषी ठरवणार, हे त्यानं धरूनच ठेवलंय. विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहितोय ना तो? श्वासभर थांबणारे त्याच्याही मंडळीत असणार.

आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्लीसाहेब! 24 मे 1738, रात्री पावणेनऊच्या सुमारास अंतःकरणाला विलक्षण ऊब जाणवली, हे सगळे सांगतात. त्याच दिवसाच्या नोंदीत पुढे आहे की थोड्याच वेळात मनात आलं, हा विश्वास नव्हेच, नाहीतर आनंद कुठाय? ते मात्र कुणी सांगत नाही. पुढच्या जानेवारीत तर गृहस्थ सरळ लिहितात की मी ख्रिस्ती नाही. इतकी पक्की तारीख, तीही मिनिटांच्या हिशेबानं, आणि तरी सात-आठ महिन्यांत ही गत. माझी तर पेन्सिलीची.

योहान 10 मध्ये मेंढरांना कुणी येशूच्या हातातून हिसकावून घेणार नाही असं आहे. किती घट्ट धरून राहायचं, हे मेंढरांना सांगितलेलं नाही. मेंढराला धरता येईल असं काही असतं का, खूर सोडून? हे मी वीस वर्षं शिकवतेय. आज खुरांचा विचार केला.

तरी तो श्वास पुसला जात नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर पुन्हा थांबेन, मला ठाऊक आहे. मग ‘हो’ म्हणेन. तेही खरंच असेल.

चौथी तारीख लिहायला पेन घेतलं होतं. परत ठेवलं.

पुढच्या रविवारी वचन 14. त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितलं तर तो ऐकतो. पुढच्या बाकावरची ती तीन महिने प्रार्थनेत कुत्र्याचं पिल्लू मागतेय, आणि तिची आई मला काल म्हणाली की घरात कुत्रं येणार नाही म्हणजे नाही. तयारी आत्तापासूनच करायला हवी.