ग्रीसची बेटं, साध्या बोटीने : माझा अनुभव

ग्रीस म्हटलं की सगळे सँटोरिनी नाहीतर मिकोनोस करून येतात. मला आणि ताईला ते नको होतं, म्हणजे तिथे वाईट काही नाही पण त्या गर्दीत बेटावरची माणसं भेटणार कधी? म्हणून त्याच सायक्लेड्स नावाच्या बेटसमूहातली पण जरा बाजूची बेटं धरली, सिरोस, तिनोस, नाक्सोस आणि कुफोनिसी. ऑगस्टची सुरुवात होती.

व्हिसाचं फार लिहीत नाही, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) नेहमीचाच, ९० युरो फी आणि निदान ३०,००० युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स. खरा विचार बोटीचा करावा लागतो. हायस्पीड आणि मोठी हळू असे दोन प्रकार, हायस्पीड लवकर पोचवते पण तिकीट बरंच महाग आणि बहुतेक वेळ आत एसीत खुर्चीला चिकटून बसायचं. मोठीवर सगळ्यात स्वस्त तिकीट काढून डेकवर कुठेही बसा. आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, अथेन्सला लेकीकडून परत निघालेल्या, त्यांनी डबा उघडून पहिला घास आम्हालाच दिला. मी तर म्हणेन हळूचीच घ्या.

बोटी सुटतात पिरेअस बंदरातून, आणि अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन २०२२ पासून थेट तिथपर्यंत जाते, ते सोपं आहे. पण बंदरात ई१ ते ई१२ अशी गेटं आहेत आणि या टोकाकडून त्या टोकाला बॅगा ओढत जायचं म्हणजे जीव जातो, त्यामुळे गेट कुठलं ते आदल्या दिवशीच बघून ठेवायचं.

बोटीतून उतरणं हा वेगळाच प्रकार. बोट धक्क्याला पाठ करून लागते, आणि ती लागायच्या आधीच सगळे खाली गाड्यांच्या मजल्यावर गर्दी करून उभे, डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखडाट, बॅगा ठेवायच्या रॅकवर बेटांची नावं लिहिलेली. मागचा लोखंडी दरवाजा हळूहळू खाली येतो, तो धक्क्याला टेकतो न टेकतो तोच खलाशी ओरडायला लागतात, चला चला, माणसं ट्रक स्कूटर सगळे एकदमच बाहेर. पाचदहा मिनिटांत बोट गेलेली पण असते. झोप लागली तर तुम्ही पुढच्या बेटावर!

सिरोस मला सगळ्यात आवडलं. एर्मुपोली ही अख्ख्या सायक्लेड्सची राजधानी, पण पांढरीनिळी घरं शोधायला गेलात तर निराश व्हाल, इथे संगमरवरी चौक आणि मोठमोठ्या इमारती. १८२२ मधे खिऑस बेटावर कत्तल झाली, तिथून जीव वाचवून आलेल्या आणि नंतर आलेल्या इतर निर्वासितांनी हे व्यापारी शहर उभं केलं, आणि १८६४ मधे नाट्यगृह पण बांधलं. वर आनो सिरोसला कॅथलिक वस्ती, बाजूच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स चर्च. संध्याकाळी अख्खं गाव धक्क्यावर फेऱ्या मारतं, आपणही मारायच्या.

तिनोसला मात्र अडकलो. जुलै-ऑगस्टमधे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आकाश निरभ्र, ऊन कडक आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. वारा ८ बोफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) आसपास गेला की सरकारच मोठ्या बोटी बंद करतं, छोट्या त्याआधीच थांबतात. तिकीट काउंटरवरच्या बाईंना विचारलं उद्याचं काय, त्यांनी बाहेरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या आधी हा खाली बसू दे. अशी बंदी आली की पैसे परत मिळतात नाहीतर तिकीट पुढच्या बोटीचं करून देतात, त्यामुळे भांडायचं काही कारण नाही.

पण अडकलो म्हणून तिनोस नीट बघितलं. बंदरापासून तिथल्या मेरीच्या चर्चपर्यंत चढाचा सरळ रस्ता आहे, त्याच्या कडेने गालिच्यासारखी पट्टी, आणि त्यावरून लोक गुडघ्यांवर रांगत वर जातात, नवस फेडायला. एक बाई होत्या, पन्नाशीच्या असतील, गुडघ्याला पॅड बांधलेले, मधेच थांबून पाणी पीत होत्या, मुलगा बाजूने छत्री धरून चालत होता, मागून गाड्या जातायत, कोणी वळून बघत पण नाही. आत १८२३ मधे सापडलेलं मेरीचं चित्र, आणि छताला चांदीची छोटी छोटी जहाजं टांगलेली, समुद्रात वाचलेल्यांनी वाहिलेली.

१ ते १४ ऑगस्ट ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो, मांस नाही दूध नाही, त्यामुळे आम्हा शाकाहाऱ्यांची चंगळच झाली. निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं, एवढं म्हणायचं, फक्त ऑक्टोपस, कोळंबी त्यांना उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्यायचं. फावा तर खाच, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल.

नाक्सोसला बटाटे उत्तम आणि बंदराशी अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा प्रचंड दरवाजा, बाकी पटकन सांगते, एक रात्र पुरे. तिथून कुफोनिसीला छोटी स्कोपेलिटिस बोट, भाज्यांचे क्रेट आणि माणसं एकत्र, आणि ती अशी काय हलते की ताईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली (बोट लागण्यावरची गोळी आधीच घ्या, निघाल्यावर फारसा उपयोग नाही). धक्क्यावर एक म्हातारे कोळी पिवळं जाळं दुरुस्त करत होते, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, बाजूला दोरीवर ऑक्टोपस वाळत. त्यांच्या नातवाने इंग्रजीत सांगितलं, मासेमारी कमी करायची म्हणून युरोपियन युनियनने परवाना परत करणाऱ्यांना पैसे दिले, पण बोट मोडायची ही अट, आणि हजारो जुन्या लाकडी होड्या बुलडोझरखाली गेल्या. आजोबांनी दिली नाही. ते स्वतः काही बोलले नाहीत, जाळ्यातलं शेवाळ तेवढं काढत बसले.

कोणाला जायचं असेल तर एवढंच, बेटं कमी धरा आणि शेवटची बोट व विमान यांच्यात किमान एक रात्र अथेन्सची ठेवा, ऑगस्टमधे दोन. गर्दी आणि वारा दोन्ही नको असेल तर जून किंवा सप्टेंबरचा शेवट बघा, फक्त त्या वेळी उपवासाचं जेवण सगळीकडे मिळेलच असं नाही.