'कॅनेडियन अनुभव' बिट: अॅक्सेंट काढल्यानंतर

या महिन्यातला मोठा बदल म्हणजे माझ्या स्टँड-अपमधल्या नोकरीच्या मुलाखतीच्या बिटमधून (विनोदी तुकड्यातून) देशी अॅक्सेंट पूर्ण काढला. टोरांटोच्या ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही चढता येणाऱ्या मंचावर, अॅक्सेंटला हशा हमखास असतो, त्यामुळे बऱ्याच जणांना हे पटणार नाही. स्टँड-अप कॉमेडियन रसेल पीटर्स इथलाच, ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला. त्याचा 2004 चा कार्यक्रम यूट्यूबवर पसरला आणि आपल्यातले कितीतरी जण तोच बघून माइककडे वळले. पण त्यातला घासाघिशीचा बिट पुन्हा ऐका. लकब आहेच, पण हसू येतं ते सौद्याला: भारतीय गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, चिनी दुकानदाराला एक पैसा सोडायचा नाही.

माझा इंजिनिअर पुण्यात पूल बांधून आलाय. इथे विचारतात, "कॅनडातला अनुभव?" तो म्हणतो, "का, इथलं गुरुत्वाकर्षण वेगळं आहे?" साध्या आवाजात म्हटलं की हशा थोडा उशिरा येतो, पण जास्त टिकतो. समोर बसलेल्या अनेकांनी हा प्रश्न स्वतः ऐकलेला असतो. कॅनडातल्या अनुभवाची ही अट भेदभाव ठरू शकते, असं ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने 2013 मध्येच धोरणात लिहिलंय.

मग बिट उलटा फिरतो. ही युक्ती ब्रिटिश-भारतीय कलाकारांच्या 'गुडनेस ग्रेशस मी' या विनोदी मालिकेची. 1998 मध्ये बीबीसीवर त्यांनी भारतीय टोळकं इंग्लिश हॉटेलात नेलं आणि त्यांना सगळ्यात अळणी पदार्थ मागायला लावला. माझ्याकडे कॅनेडियन इंजिनिअर पुण्यात मुलाखतीला येतो: "सिग्नलशिवाय कर्वे रोड ओलांडलाय का कधी?" मराठी मंडळात 'एक ते चार बंद' जास्त चाललं, पण बाहेरच्यांना ते समजावण्यातच पंच मरतो. रस्ता मात्र फिलिपिनो, नायजेरियन, सगळ्यांना कळतो.

नवी भर शेवटची. त्या कॅनेडियन इंजिनिअरला नोकरी मिळत नाही, तो पौड रोडला रिक्षा चालवतो. मागे बसलेले काका विचारतात, "तिकडे काय करायचात?"

"पूल बांधायचो."

इथे हशा थांबतो, आणि मला तो थांबायलाच हवाय. फक्त त्यानंतर लगेच एक टॅग (पंचला जोडलेली छोटी विनोदी ओळ) लागतो, नाहीतर पुढचा बिट थंड पडतो. सध्या मीटरवरून काहीतरी जुळवतोय. कुणाला सुचलं तर जरूर कळवा.